विंडोज १० वरून ११ वर जाताना या चुका टाळा: फॉरमॅट मारायला हो म्हणण्याआधी

‘फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की हे वाक्य कानावर येतंच. नाशिकमधलं दुकान कॉलेज रोडचं असो, सिडकोतलं असो की नाशिकरोडचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून तर ते जरा जास्तच ऐकू येतंय. स्क्रीनवर ‘सपोर्ट संपला’ अशी सूचना दिसली की माणूस घाबरतो, सीपीयू उचलून दुकानात नेतो, आणि तिथे सगळ्यात सोपा मार्ग निवडला जातो: सगळं पुसायचं आणि नवीन विंडोज टाकायचं.

दुकानदाराला ते सोयीचं आहे. त्याचा वेळ वाचतो, जुन्या भानगडी निस्तराव्या लागत नाहीत. पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोज हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे, तो कधीही पुन्हा मिळतो. वर्षानुवर्षं बसवत गेलेले मराठी फॉन्ट, टॅलीचं लायसन्स, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, ब्राउझरमधले पासवर्ड, मुलांचे फोटो हे सगळं मात्र तुमचं एकट्याचं आहे. अपग्रेड बिघडला अशी जी तक्रार येते ती बहुतेक वेळा याच गोष्टींबद्दल असते, आणि बहुतेक वेळा तिचं मूळ फॉरमॅटमध्ये असतं.

फॉरमॅट आणि अपग्रेड एकच समजणं

विंडोज १० चालू असताना त्याच्यावरच ११ चढवता येतं. फाइल्स राहतात, प्रोग्राम राहतात, तुमचं लॉगिनही तेच राहतं. खरं विंडोज १० ॲक्टिव्हेट असेल तर यासाठी पैसे लागत नाहीत, जुनं डिजिटल लायसन्स नव्याला लागू होतं. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून करा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचा इन्स्टॉलेशन असिस्टंट वापरा किंवा आयएसओ फाइल (विंडोजचा अख्खा सेटअप एकाच फाइलमध्ये) उतरवून चालू विंडोजमधूनच तिचा सेटअप सुरू करा. तिन्ही वाटा एकाच ठिकाणी नेतात.

आयएसओच्या वाटेवर एक बारीक खाच आहे. मध्ये एका ठिकाणी काय ठेवायचं ते विचारलं जातं: ‘फाइल्स आणि ॲप्स’, ‘फक्त फाइल्स’ की ‘काहीच नाही’. पहिला पर्याय पुसट दिसत असेल, निवडताच येत नसेल, तर लोक नाइलाजाने दुसरा निवडतात आणि सगळे प्रोग्राम घालवून बसतात. तिथेच थांबा. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की उतरवलेल्या आयएसओची इंग्रजी आणि तुमच्या विंडोजची इंग्रजी वेगळी आहे, एक अमेरिकन आणि दुसरी ‘इंटरनॅशनल’. जुळणारी आयएसओ उतरवली की पहिला पर्याय उघडतो.

दुकानात फॉरमॅट करून घेताना होणारी आणखी एक गडबड इथेच सांगतो. ब्रँडेड लॅपटॉपबरोबर सहसा विंडोज होमचं लायसन्स येतं आणि त्याची की मदरबोर्डवरच साठवलेली असते. फॉरमॅट करणारा सवयीने प्रो टाकतो, मग ते ॲक्टिव्हेट होत नाही, मग क्रॅक मारला जातो. म्हणजे तुम्ही पैसे मोजून घेतलेलं लायसन्स पडून आणि मशीनवर चोरीचं विंडोज. आपल्याकडे काय आहे ते सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट इथे दिसतं. दुकानात देण्याआधी त्या पानाचा मोबाईलने फोटो काढा आणि ‘जे आहे तेच ठेवा’ असं स्पष्ट सांगा. ऑनलाइन किरकोळ किमतीत मिळणाऱ्या कीच्या नादीही लागू नका. त्या कुठून आलेल्या असतात हे विकणारा सांगत नाही आणि कधी बंद पडतील याची हमी कोणी देत नाही.

मशीनमध्ये काय आहे हे न बघता सुरुवात करणं

विंडोज ११ ला ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय या नव्या पद्धतीचं बूटिंग आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. हे कागदावरचे किमान आकडे झाले. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क यांवर विंडोज ११ चालतं, पण ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की माणूस वैतागतो. ८ जीबी रॅम आणि एसएसडी याच्या खाली जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. एसएसडी टाकायचीच असेल तर आधी जुनी डिस्क तिच्यावर जशीच्या तशी क्लोन करून घ्या, मशीन चार दिवस वापरा आणि मग अपग्रेड करा. दोन्ही कामं एकाच दिवशी केली की बिघाड कशाने झाला ते कळत नाही.

प्रोसेसरचं गणित सोपं आहे. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. आय५-८४०० मधला पहिला ८ म्हणजे आठवी पिढी, आय३-१०१०० मधला १० म्हणजे दहावी, आणि आय५-७४०० म्हणजे सातवी, जी यादीत बसत नाही. एएमडीमध्ये रायझन २००० मालिकेपासून पुढचे बरेच चालतात, पण त्यात अपवाद आहेत. म्हणून अंदाज बांधण्यापेक्षा मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे छोटं मोफत ॲप चालवा. ते नेमकं कुठे अडलंय ते सांगतं.

त्याने ‘टीपीएम नाही’ म्हटलं की मशीन भंगारात काढायची घाई नको. असेंबल्ड पीसीमध्ये टीपीएम बहुधा असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी या नावाने सापडतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. चालू केलं की काम होतं.

खरा घोटाळा होतो तो त्याच बायोसमध्ये ‘लेगसी’ बदलून ‘यूईएफआय’ केल्यावर. जुनं विंडोज लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर (डिस्कची जुनी मांडणी) डिस्कवर टाकलेलं असेल तर हा बदल केल्याकेल्या कॉम्प्युटर ‘बूट करण्यासारखं काही सापडलं नाही’ म्हणतो आणि काळा पडदा दाखवतो. इथे लोकांचं धाबं दणाणतं, मशीन दुकानात जातं आणि फॉरमॅट होऊन परत येतं. वास्तविक काहीही उडालेलं नसतं. बायोसमध्ये जाऊन तो पर्याय पुन्हा लेगसीवर आणला की जुनं विंडोज मुकाट्याने उघडतं. योग्य क्रम असा: डेटाची कॉपी घ्यायची, मग विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्क जीपीटी (नवी मांडणी) करायची आणि शेवटी बायोस बदलायचं. हे टूल आधी नुसती तपासणी करून ‘जमेल की नाही’ तेही सांगतं. कमांड टाइप करायची भीती वाटत असेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या, पण त्याच्याकडे ‘एमबीआरचं जीपीटी करून द्या, फॉरमॅट नको’ अशी मागणी करा. नेमक्या शब्दांत मागितलेलं काम नेमकं होतं.

३२ बिटचं विंडोज असलेली काही मशिन्स अजूनही घराघरांत आणि आडतीच्या गाळ्यांत चालू आहेत. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं आणि ३२ वरून ६४ वर थेट चढता येत नाही. तिथे नव्याने टाकण्यावाचून पर्याय नाही. आणि फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेला डॉसवरचा जुना हिशेबाचा प्रोग्राम त्या मशीनवर असेल, तर ६४ बिट विंडोजवर तो तसाच चालणार नाही. डॉसबॉक्ससारख्या प्रोग्रामच्या आत चालवता येतो, पण छपाईची व्यवस्था वेगळी लावावी लागते. पिंपळगाव किंवा लासलगावच्या व्यापाऱ्यांनी हा मुद्दा हंगाम सुरू होण्याआधी तपासावा, कांद्याच्या लिलावाच्या दिवसात तपासून उपयोग नाही.

बिटलॉकरची की कोणाच्या खात्यात आहे?

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचं डिस्कला लागणारं कुलूप, आपोआप चालू होतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क कुलूपबंद होते आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जाऊन बसते. रोजच्या वापरात याचा पत्ताही लागत नाही. पण बायोस अपडेट केलं किंवा टीपीएमच्या सेटिंगला हात लावला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ती की मागितली जाते. ती नसेल तर आतला डेटा कोणालाही काढता येत नाही. मायक्रोसॉफ्टलाही नाही, भारी पैसे घेणाऱ्या रिकव्हरीवाल्यालाही नाही.

आपल्याकडे यात एक खास अडचण आहे. नवा लॅपटॉप दुकानातच ‘सेटअप करून’ दिला जातो. गिऱ्हाइकाचं खातं नसतं, म्हणून विकणाऱ्याचा मुलगा स्वतःचं किंवा जागेवर बनवलेलं एखादं खातं टाकतो. त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि की त्या खात्यात अडकलेली असते. वडिलांच्या लॅपटॉपवर कोणतं खातं आहे हे घरात विचारून बघा, बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळणार नाही.

म्हणून अपग्रेडच्या आधी, मशीन व्यवस्थित चालू असतानाच, सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा. चालू असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती की दिसते का बघा आणि कागदावर उतरवून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. की सापडत नसेल तर एन्क्रिप्शन बंद करा, डिस्क पूर्ण उघडेपर्यंत थांबा आणि मगच पुढचं काम. लॅपटॉप नंतर पुन्हा स्वतःच्या खात्याने कुलूपबंद करता येतो.

‘माझा डेटा डी ड्राइव्हला आहे, काळजी नाही’

सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क बिघडली की दोन्ही जातात. फॉरमॅट करताना चुकीचा भाग निवडला गेला तर डीसुद्धा पुसला जातो. कॉपी म्हणायची ती मशीनच्या बाहेरच्या डिस्कवर असलेली. आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून त्यातले दहा-बारा फोटो, दोन व्हिडिओ, एखादी एक्सेल उघडून बघितल्याशिवाय तिच्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या पेन ड्राइव्हवर फाइल्सची नावं दिसतात आणि उघडायला गेलं की काहीच नसतं, हे फार घरांनी भोगलंय.

कॉपी करताना हमखास राहून जातात त्या गोष्टी: डेस्कटॉपवर पसरलेल्या फाइल्स, डाउनलोड्समधले सातबारा आणि आधारचे पीडीएफ, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरचे पासवर्ड आणि टॅलीचा डेटा फोल्डर. टॅलीचा डेटा नेमका कुठे आहे हे टॅलीमध्येच दिसतं. तो ‘डीमध्येच असेल’ असं गृहीत धरू नका.

वनड्राइव्हमुळेही बराच गोंधळ उडतो. अपग्रेडनंतर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि ‘सगळं गेलं’ अशी हाकाटी होते. पुष्कळदा फाइल्स वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये हलवलेल्या असतात, तिथेच सापडतात. मात्र फाइलपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती तुमच्या डिस्कवर नाही, फक्त इंटरनेटवर आहे. वनड्राइव्ह काढून टाकण्याआधी त्या उतरवून घ्या. मोफत जागाही ५ जीबीच मिळते, तिच्यात घरभराचे फोटो मावत नाहीत.

मराठी फॉन्ट आणि टायपिंग

इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शक लेखांत हा विषय येतच नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते इथे.

घरात कोणी शिक्षक असेल, वकील असेल, सोसायटीचा सचिव असेल किंवा पत्रिका-फ्लेक्स छापणारा असेल तर त्याच्या मशीनवर पंधरा-वीस वर्षांची कागदपत्रं असतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत, नसतात. श्रीलिपी, कृतीदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख, डीव्हीबी-टीटी योगेश अशा फॉन्टमध्ये ती टाइप केलेली असतात. या फॉन्टमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट असेपर्यंत मजकूर मराठी दिसतो. फॉरमॅट झालं, फॉन्ट गेला, की तीच फाइल इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा ढिगारा दाखवते. लोकांना वाटतं फाइल करप्ट झाली. फाइल शाबूत असते. तो फॉन्ट पुन्हा बसवला की मजकूर जसाच्या तसा परत येतो, त्यामुळे अशी फाइल रागाच्या भरात डिलीट करू नका.

फॉन्ट वाचवायचे तर दोन ठिकाणी बघावं लागतं. एक म्हणजे विंडोज फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा तुमच्या युजर फोल्डरच्या आत, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा खोल दडलेला. विंडोज १० च्याच पुढच्या आवृत्त्यांत फॉन्टवर डबल क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं की तो इथे जातो. ॲपडेटा एरवी दिसत नाही, व्ह्यूमध्ये जाऊन लपवलेल्या गोष्टी दाखवायला सांगावं लागतं. दोन्ही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. श्रीलिपी किंवा आयएसएम हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्याची सीडी, डोंगल आणि सिरियल नंबर कुठल्या कपाटात आहे तेही आधी शोधा.

नव्याने विंडोज टाकल्यावर ‘मंगल फॉन्टच नाही’ अशीही तक्रार येते. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट आता विंडोजमध्ये थेट भरलेले नसतात. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स इथे जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स शोधायचे आणि टाकायचे. मराठी भाषा जोडली की ते सहसा आपोआपही येतात. निर्मला यूआय मात्र आधीपासून असतो, म्हणून युनिकोड मजकूर वाचायला अडचण येत नाही. शाळेच्या किंवा सरकारी कामाच्या फाइलची मांडणी विस्कटलेली दिसली, ओळी पुढच्या पानावर गेल्या, तर बहुधा मंगलच्या जागी दुसरा फॉन्ट बसलेला असतो.

टायपिंगचं म्हणाल तर गुगल इनपुट टूल्सच्या विंडोजवरच्या ऑफलाइन आवृत्तीवर अजून अनेकांचे हात बसलेले आहेत. तिचं अधिकृत डाउनलोड गुगलने केव्हाच बंद केलंय. फॉरमॅट झाल्यावर ती शोधताना माणूस कुठल्या तरी अनोळखी साइटवरून फाइल उतरवतो आणि तिच्याबरोबर व्हायरस घरात घेतो. फॉरमॅट न करता अपग्रेड केलं तर ती सहसा जागच्या जागी राहते. तरी या निमित्ताने विंडोजमधलंच मराठी फोनेटिक शिकून घ्या असं मी आग्रहाने सांगेन. लँग्वेज सेटिंग्जमध्ये मराठी जोडा, त्यात फोनेटिक कीबोर्ड निवडा, आणि विंडोज व स्पेसबार एकदम दाबून भाषा बदला. ते गुगलच्याच धर्तीवर इंग्रजी अक्षरांतून मराठी शब्द देतं. पहिले काही दिवस हात अडखळतो, पुढे सवय होते. ज्यांचा हात इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर आहे त्यांना काहीच नवं शिकायचं नाही.

टॅली, डिजिटल सही, प्रिंटर

टॅलीचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. फॉरमॅट करायचंच असेल तर आधी टॅलीमधून लायसन्स सरेंडर करा आणि नंतर नव्याने ॲक्टिव्हेट करा. नाहीतर जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर आणि तुम्ही टॅली पार्टनरला फोन लावत बसलेले. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनमधलं सर्टिफिकेट टोकनमध्येच सुरक्षित असतं, त्याला धक्का लागत नाही. मात्र त्याचा ड्रायव्हर आणि पोर्टलसाठी लागणारं सह्यांचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागू शकतं. टोकनचा पासवर्ड आठवतोय का हेही आधीच बघा. अंदाजाने चुकीचा टाकत राहिलात तर टोकन लॉक होतं.

जुन्या लेझर प्रिंटरना घरात मान आहे आणि तो योग्यच आहे, कारण ते वर्षानुवर्षं चालतात. त्यांच्यासाठी कंपनीच्या साइटवरून ६४ बिटचा ड्रायव्हर अपग्रेडच्या आधी उतरवून ठेवा. ड्रायव्हर जुना असल्यामुळे विंडोज ११ ने अडवला तर मेमरी इंटिग्रिटी बंद करण्याचा सल्ला नेटवर लगेच मिळतो. ती सुरक्षा कायमची बंद ठेवू नका, आधी नवा ड्रायव्हर शोधा. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो’ म्हणणारी मोफत ॲप्स तर टाकूच नका.

वीज आणि नेट

नाशिकला मे महिन्यात दुपार कलली की ढग जमतात, वारं सुटतं आणि लाइट जाते. अशा संध्याकाळी अपग्रेड सुरू करू नका. डेस्कटॉपला यूपीएस असेल तर त्याची बॅटरी आधी तपासा: मशीन चालू ठेवून भिंतीवरचा स्विच बंद करा आणि किती वेळ टिकतं ते बघा. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर इन्व्हर्टरवर यूपीएस मोड आहे का ते पाहा. नॉर्मल मोडमध्ये वीज जाऊन बॅटरी लागेपर्यंत जो क्षण जातो, तेवढ्यात ट्यूबलाइट फक्त लुकलुकते, पण कॉम्प्युटर बंद पडू शकतो. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असू द्या.

तरीही मध्येच लाइट गेली तर? वीज आल्यावर मशीन चालू करा आणि त्याला त्याचं काम करू द्या. बहुतेक वेळा सेटअप एकतर पुढे सरकतो किंवा जुनं विंडोज परत बसवतो. या वेळी स्वतःहून बटण दाबून बंद-चालू करत राहणं हे विजेपेक्षा जास्त घातक आहे.

डाउनलोड पाच जीबीच्या आसपास किंवा त्याहून मोठं असतं, ते मोबाईलच्या रोजच्या डेटावर करू नका. आणि अपग्रेडनंतर वाय-फाय दिसेनासं झालं तर मोबाईल यूएसबी केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर न लागता नेट मिळतं आणि वाय-फायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

अडकलं, एरर आला, मागे फिरलं

टक्केवारी एका आकड्यावर तास-दोन तास थांबू शकते, विशेषतः जुन्या हार्ड डिस्कवर. सीपीयूवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, हात लावू नका.

एरर कोड आला तर त्याचा फोटो काढा. कोडमध्ये ८००७००७० दिसलं तर जागा कमी पडतेय. सी ड्राइव्हवर ३० जीबी तरी मोकळी करा. सी१९००१०१ ने सुरुवात असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्यायचा. प्रिंटर, बाहेरची डिस्क, वेबकॅम, डोंगल सगळं काढा, फक्त माऊस आणि कीबोर्ड ठेवा, विकत घेतलेला अँटिव्हायरस तात्पुरता अनइन्स्टॉल करा आणि पुन्हा प्रयत्न करा. पुष्कळ वेळा एवढ्यावर भागतं. सी१९००२०८ म्हणजे एखादा प्रोग्राम जमत नाहीये, सेटअप सहसा त्याचं नावही सांगतो. ‘सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ असं आलं तर ते काम जाणकाराचं आहे, तिथे घरी प्रयोग नकोत.

एरर कोड गुगलवर टाकून वर दिसणाऱ्या ‘हेल्पलाइन’ नंबरला फोन लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या एररमध्ये फोन नंबर नसतो. पलीकडचा माणूस ॲनीडेस्क टाकायला सांगतो, स्क्रीन हातात घेतो आणि पुढे बँकेपर्यंत पोचतो. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर तक्रार करायची.

पहिले दहा दिवस

अपग्रेडनंतर जुनं विंडोज दहा दिवस जपून ठेवलेलं असतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ दाबलं की विंडोज १० परत येतं आणि तुमच्या फाइल्स राहतात. मात्र मधल्या दिवसांत टाकलेले प्रोग्राम जातात. हा मार्ग लोक स्वतःच्या हाताने बंद करतात: सी ड्राइव्ह लाल दिसला म्हणून डिस्क क्लीनअप चालवतात, त्यात ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर टिक करतात, आणि परतीची वाट पुसली जाते. जागा लागलीच तर व्हिडिओ बाहेर हलवा, पण दहा दिवस त्याला हात लावू नका.

याच दिवसांत एकेक गोष्ट करून बघायची. प्रिंट काढा, स्कॅन करा, टोकन लावून पोर्टलवर लॉगिन करा, टॅलीचा बॅकअप घ्या, जुनी मराठी फाइल उघडा, मुलांचा ऑनलाइन क्लास माईक आणि कॅमेऱ्यासकट चालवून पाहा. म्हणूनच अपग्रेडची वेळ निवडताना मार्चअखेर, रिटर्नच्या तारखा आणि परीक्षांचे दिवस टाळा.

मशीन बसतच नसेल तर

टीपीएमची तपासणी टाळून विंडोज ११ टाकणारे पेन ड्राइव्ह बनवता येतात आणि काही दुकानांत ते सर्रास टाकून मिळतं. अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, मोठे वार्षिक अपडेट दरवेळी हाताने करावे लागतात. कोअर २ ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज ११ ची २४एच२ आणि त्यानंतरच्या आवृत्त्या बूटच होत नाहीत. बँकेची कामं ज्या कॉम्प्युटरवर होतात त्यावर हा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही.

त्यापेक्षा विंडोज १० वरच राहून एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स (वाढीव मुदतीचे सुरक्षा अपडेट) घ्या. घरगुती वापरासाठी ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्टचं खातं हवं, आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्याच पानावर दिसतो.

आणि जे मशीन फक्त ब्राउझर, यूट्यूब आणि पत्रं टाइप करायला लागतं, त्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम पेन ड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता चालवून बघा. मराठी युनिकोड त्यात नीट दिसतं आणि टाइपही होतं. टॅली आणि श्रीलिपी मात्र त्यावर सरळ चालत नाहीत, त्यामुळे ज्या घरात ती रोज लागतात तिथे जुन्या सीपीयूवर पैसे घालण्याऐवजी विंडोज ११ ला बसणारं मशीन घ्या. सेकंड हँड घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच पीसी हेल्थ चेक चालवून दाखवायला सांगा.